नाशिकचा डिजिटल कागद सीमेपलीकडे चालतो का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आपण लिहिलं होतं की घरबसल्या काढलेले दाखले आता बहुतेक ठिकाणी चालतात, तर त्यावर बऱ्याच वाचकांनी एकच विचारलं की भारताबाहेर काय? म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतलेत. काही पत्रं लांब होती, ती थोडी कमी केलीत.

प्रश्न: माझी मुलगी आणि जावई नेदरलँड्सला गेलेत. तिथल्या नगरपालिकेत नोंदणी करताना मुलीचा जन्मदाखला मागितला. आम्ही ऑनलाइन काढलेला, क्यूआर कोडवाला पीडीएफ पाठवला तर म्हणे हा चालणार नाही, अपोस्टील केलेला कागद द्या. इकडे तर सगळं डिजिटल झालंय म्हणतात, मग तिकडे परत कागदच का मागतात? – एक आई, गंगापूर रोड

ताई, तुमची चिडचिड अगदी बरोबर आहे, पण तिथला माणूसही उगाच अडवत नाहीये हे आधी समजून घेऊ. तुम्ही पाठवलेला क्यूआर त्याने स्कॅन केला तर भारतातल्या एका वेबसाइटचं पान उघडतं, आणि ती साइट खरंच सरकारी आहे की कुणी हुबेहूब बनवलीये हे त्याने ठरवायचं कशावरून? पीडीएफवरच्या डिजिटल सहीचंही तेच. आपण आधारचा पीडीएफ उघडतो तेव्हा सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं ना, आणि मग राइट क्लिक करून सही देणाऱ्याला विश्वासाच्या यादीत घालून व्हॅलिडेट केलं की हिरवी टिक येते, ते प्रश्नचिन्ह म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर सांगतंय की ही सही देणाऱ्याला मी ओळखत नाही. आपण ओळखतो म्हणून हिरवं करून टाकतो. परदेशातल्या क्लार्कने ते का करावं? युरोपियन युनियनचा २०१४ चा ईआयडास नावाचा कायदा आहे, त्यात एका सदस्य देशातली ठराविक दर्जाची डिजिटल सही बाकीच्या सदस्य देशांनी मान्य करायचीच असं ठरलंय आणि अशा सह्या देणाऱ्यांच्या याद्या देशोदेशी जाहीर असतात. आपण त्या छत्रीखाली येत नाही.

म्हणून मधे अपोस्टील येतं, म्हणजे परदेशात दाखवायच्या कागदावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने दिलेलं प्रमाणपत्र. त्यामागे १९६१ चा हेग करार आहे, भारत त्यात २००५ मध्ये सामील झाला. अपोस्टील दाखल्यातला मजकूर खरा आहे असं म्हणत नाही हं, ते फक्त एवढंच सांगतं की यावरची सही, सही करणाऱ्याचं पद आणि शिक्का खरा आहे. पण तेवढ्याने तिकडच्या माणसाला कायद्याचा आधार मिळतो आणि तो शांतपणे फाइल पुढे सरकवू शकतो. आणि असंही नाही की युरोपातले लोक कायमच असे कागद मागतात, १६ फेब्रुवारी २०१९ पासून त्यांच्या आपसातल्या देशांमध्ये जन्मदाखल्याला अपोस्टीलची गरजच राहिली नाही आणि भाषांतर टाळायला बहुभाषिक फॉर्म जोडता येतो. त्यासाठी कुठलं मोठं तंत्रज्ञान लागलं नाही, एक कायदा लागला. माझं म्हणणं या सगळ्या पानभर उत्तरांत तेच आहे की कागद डिजिटल झाला म्हणजे तो सीमेपलीकडे चालतो असं नाही, समोरच्याला तो आपल्याला फोन न करता तपासता आला पाहिजे, त्यातली माहिती त्याला कळली पाहिजे, आणि त्याच्या कायद्याने तो स्वीकारायची त्याला मुभा पाहिजे.

हे अशक्य आहे असं अजिबात नाही. आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला पासपोर्ट जगातल्या कुठल्याही विमानतळावर मशीनवर ठेवला की वाचला जातो, कारण खाली ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी कशा छापायच्या, कुठल्या जागी काय येणार, हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवून दिलंय आणि सगळ्या देशांनी ते मानलंय. जन्मदाखल्याचं असं सगळ्या जगाने मानलेलं काही नाही.

आता तुमच्यापुरतं: दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत आहे का बघा, मुलीचं नाव त्यात भरलेलं आहे का बघा (जुन्या नोंदींत खूपदा नावाची जागा रिकामीच असते), आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग पासपोर्टशी ताडून घ्या. मग आधी राज्य सरकारच्या पातळीवर प्रमाणित करून घ्यायचं आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील. मंत्रालयाचं ई-सनद नावाचं पोर्टलही आहे, तुमचा दाखला देणारं कार्यालय त्यात जोडलेलं असेल तर बरीच पळापळ वाचते, त्यामुळे एजंटला पैसे द्यायच्या आधी ते तपासा.

प्रश्न: मुलगा सिंगापूरला आहे. युपीआयने त्याला थेट पैसे पाठवता येतात हे खरं का? आणि मग दुबईच्या पुतण्याला का जात नाहीत? – निवृत्त शिक्षिका, नाशिकरोड

खरंय बाई. २१ फेब्रुवारी २०२३ ला आपलं युपीआय आणि सिंगापूरचं तसंच असलेलं पेनाऊ जोडलं गेलं. मोबाइल नंबरवरून पैसे जातात, दिवसाला ६० हजार रुपयांपर्यंत, आणि कारण म्हणून नातेवाइकाचा खर्च किंवा भेट एवढंच चालतं. फक्त तुमची बँक त्यात सामील हवी, ॲपमध्ये परदेशी पेमेंटचा पर्याय दिसतोय का ते बघा. दुसरीकडे तुम्ही जे ऐकता की आयफेल टॉवरला युपीआय चालतं, श्रीलंकेत चालतं, मॉरिशसला चालतं, ते वेगळं आहे, तिथे आपण दुकानदाराचा क्यूआर स्कॅन करून पैसे देतो, माणसाच्या खात्यात पाठवत नाही. नाव एकच असलं तरी मागे दोन वेगळे करार आहेत. पुतण्याला पाठवायचे तर सध्या बँकेच्या नेहमीच्या मार्गानेच पाठवा.

प्रश्न: माझी सहा एकर द्राक्ष बाग आहे, माल युरोपला जातो. दरवर्षी कृषी खात्यात प्लॉटची नोंदणी, सातबाऱ्याचा गट नंबर वेगळा, ग्लोबल गॅपचा नंबर वेगळा, आता वर फार्मर आयडी. एकाच बागेला किती नंबर? आणि एवढं सगळं कॉम्प्युटरवर असताना तिकडे कंटेनर अडतोच कसा? – द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका

दादा, खरं सांगायचं तर या विषयातलं नाशिकला सगळ्यात जास्त कळतं, फक्त आपण त्याला इंटरऑपरेबिलिटी, म्हणजे वेगवेगळ्या व्यवस्थांनी एकमेकांची माहिती समजून घेऊन वापरणं, असं म्हणत नाही. अपेडाचं, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, ग्रेपनेट हे ऑनलाइन पोर्टल २००६ पासून चालू आहे, म्हणजे त्या वेळी बहुतेक सरकारी कार्यालयांत धड ईमेल सुद्धा नव्हता तेव्हा तुमच्या बागेतल्या प्लॉटपासून लॅबच्या रिपोर्टपर्यंत, पॅकहाउसपासून फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटपर्यंत (मालाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) सगळं एका साखळीत आणलं गेलं. युरोपातल्या दुकानातल्या पेटीवरून मागे मागे येत नेमकी कुणाची बाग हे सापडतं. देशात अशी व्यवस्था पहिल्यांदा द्राक्षाला झाली आणि मला त्याचं फार कौतुक आहे.

पण २०१० आठवतंय ना? सीसीसी, म्हणजे आपण ज्याला लिहोसीन म्हणतो ते वेलीची वाढ रोखायचं औषध, त्याचे अंश युरोपात सापडले आणि कंटेनर अडकले, भाव पडले, कित्येक घरांचं वर्षाचं गणित बिघडलं. ग्रेपनेट तेव्हा चालूच होतं. नोंदणी होती, सॅम्पल घेतलं होतं, रिपोर्ट पास होता, सर्टिफिकेट निघालं होतं. मग चुकलं कुठे? तर आपल्याकडे ज्या औषधांसाठी सॅम्पल तपासायचे त्या यादीत सीसीसी नव्हतंच, आणि तिकडे त्याची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. म्हणजे आपण प्रामाणिकपणे तपासून 'पास' म्हटलं, त्यांनीही प्रामाणिकपणे तपासून 'फेल' म्हटलं, कारण दोघांच्या पास या शब्दामागची यादी एक नव्हती. सर्व्हर कितीही चांगले जोडा, असली फट सर्व्हरला दिसत नाही. ती बघायला कुणीतरी सीझनच्या आधी दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून बसावं लागतं. त्यानंतर यादीत बदल झाले, आता दर सीझनला यादी नव्याने बघितली जाते, पण तो धडा शेतकऱ्याच्या खिशातून गेला याचं मला आजही वाईट वाटतं.

नंबरांचं म्हणाल तर सगळ्यांचा मिळून एकच नंबर कुणी करणार नाही आणि करूही नये असं माझं मत आहे. सातबारा जमिनीचा आहे, ग्रेपनेटचा नंबर त्या सीझनच्या प्लॉटचा, ग्लोबल गॅप हे चांगल्या शेतीपद्धतीचं खासगी प्रमाणपत्र आणि फार्मर आयडी तुमचा माणूस म्हणून. वस्तू चार आहेत. मागणी करायची ती अशी की हे नंबर एकमेकांना आतून जोडलेले असावेत, एकदा दिलेली माहिती परत टाइप करायला लावू नका, गट नंबर टाकला की क्षेत्र आपोआप यावं. बागायतदार संघाच्या पुढच्या बैठकीत हे लेखी द्या, तोंडी विरून जातं. आणि एक लक्षात ठेवा, सरकारी मर्यादेत बसला म्हणजे माल खपला असं नाही, युरोपातल्या मोठ्या सुपरमार्केटच्या अटी सरकारी मर्यादेपेक्षा कडक असतात, त्या कुठल्याच पोर्टलवर नसतात, एक्सपोर्टरकडून छाटणीच्या आधीच लिहून घ्या.

प्रश्न: मी एमबीएला आहे. मला प्रोजेक्टला 'देशादेशांतल्या डिजिटल सरकारी सेवांची इंटरऑपरेबिलिटी कशी मोजायची' हा विषय मिळालाय. नेटवर नुसत्या आकृत्या सापडतात. नक्की करायचं काय? – विद्यार्थी, कॉलेज रोड

विषय चांगला मिळालाय, घाबरू नकोस. आकृत्यांमध्ये तुला चार थर दिसले असतील, कायदा, कामाची पद्धत, अर्थ आणि तंत्र. युरोपियन इंटरऑपरेबिलिटी फ्रेमवर्क म्हणून आहे, २०१७ ची आवृत्ती, त्यातले ते. पाठ करू नकोस, एक खरी घटना घे आणि त्यावर लाव. २०२१ मधलं कोविन सर्टिफिकेट घे. सप्टेंबरमध्ये ब्रिटनने कोविशील्डला मान्यता दिली पण आपल्या सर्टिफिकेटवर अडून बसले, त्यात एक मुद्दा असा निघाला की आपल्या सर्टिफिकेटवर वय किंवा जन्माचं साल येत होतं आणि आंतरराष्ट्रीय नमुन्यात पूर्ण जन्मतारीख लागते. क्यूआर उत्तम चालत होता, म्हणजे तंत्रात अडचण नव्हती. अर्थाच्या थरात होती, एका रकान्यात. मग आपण पूर्ण तारखेची सोय केली, मधे आपणही ब्रिटिश प्रवाशांवर तशाच अटी घातल्या, आणि ११ ऑक्टोबरपासून प्रश्न सुटला. कोट्यवधी सर्टिफिकेटं आणि अडकलं कशात, तर तारखेत. हे आधी कुणी तपासलं असतं तर एका दिवसाचं काम होतं.

आता याच 'आधी' या गोष्टीवर युरोपने कायदा केलाय, त्याला इंटरऑपरेबल युरोप ॲक्ट म्हणतात, जुलै २०२४ पासून लागू आहे. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं कलम असं की १२ जानेवारी २०२५ पासून एखाद्या सरकारी संस्थेला सीमेपलीकडच्या डिजिटल सेवेवर परिणाम करणारी नवी बंधनकारक अट घालायची असेल किंवा असलेली मोठ्या प्रमाणात बदलायची असेल तर निर्णय घेण्याआधी तिचं मूल्यमापन करायचं आणि अहवाल वेबसाइटवर जाहीर टाकायचा. सेवा बांधून झाल्यावर तक्रारी आल्या की बघू, असं नाही. आपल्याकडे २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ई-गव्हर्नन्ससाठी इंटरऑपरेबिलिटीची चौकट काढलेली आहे, तीही वाच, पण तिचा भर आपल्याच खात्यांनी एकमेकांशी बोलावं यावर आहे.

मोजायला युरोपियन कमिशनची आयमॅप्स नावाची प्रश्नावली आहे, सेवा चालवणाऱ्यांनी स्वतःच भरायची, शेवटी किती परिपक्व आहात याचा स्कोअर येतो. वापर, पण स्कोअरवर थांबू नकोस कारण सेवा चालवणारा माणूस स्वतःच्या सेवेला कमी मार्क देईलच असं नाही. त्यापेक्षा एक सेवा धर, दोन देश धर आणि एक माणूस धर, त्याचा कागद इथे निघतो तिथपासून तिकडे स्वीकारला जातो तिथपर्यंत त्याच्या मागे मागे जा. प्रत्येक टेबलावर विचार की हा कागद खरा आहे हे तुम्ही कसं ठरवता, कुठल्या नियमाने स्वीकारता, यातला कुठला रकाना तुम्हाला कळत नाही, शंका आली तर कुणाला विचारता आणि उत्तर किती दिवसांत येतं. हे शेवटचं कुणी विचारत नाही. दोन देशांत शंका विचारायला ठरलेला माणूस आहे की नाही यावर अर्धी इंटरऑपरेबिलिटी असते, आणि ते कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसतं.

चांगलं उदाहरण हवं तर फिनलंड-एस्टोनिया बघ. जानेवारी २०१९ पासून फिनलंडच्या डॉक्टरचं ई-प्रिस्क्रिप्शन एस्टोनियाच्या औषध दुकानात चालायला लागलं. वरवर सोपं वाटतं, पण विचार कर, औषधाचं ब्रँड नाव दोन देशांत वेगळं, म्हणून आतला घटक आणि डोस कोडने जुळवावा लागतो, पेशंटने आपली माहिती बाहेर द्यायला आधी संमती द्यावी लागली, औषध दिल्यावर ते दिल्याची नोंद परत फिनलंडला जावी लागते नाहीतर तोच माणूस तेच औषध दोनदा घेईल. दोघांकडे माहिती देवाणघेवाणीची एक्स-रोड नावाची एकच व्यवस्था आहे, एस्टोनियात ती २००१ पासून आहे. एवढी जवळीक असूनही हे चारही थर एकेक करून जुळवावेच लागले.

एक जपून लिही. जास्त माहिती इकडून तिकडे गेली म्हणजे सेवा चांगली झाली असा निष्कर्ष काढू नकोस. तपासायला पूर्ण कागद लागतोच असं नाही, वय १८ च्या वर आहे का याला हो किंवा नाही एवढं उत्तर पुरतं, युरोपात येऊ घातलेल्या डिजिटल वॉलेटमध्ये तशीच सोय करायचं ठरलंय. आपल्याकडेही डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे. तुझ्या अहवालात 'काय पाठवायची गरज नव्हती' असा एक भाग ठेव, परीक्षकांना नाही आवडला तरी ठेव.

आणि नाशकात बसून करायचं तर आरोग्य विद्यापीठ आपल्याच गावात आहे. नर्सिंगची पदवी परदेशात कशी तपासली जाते हाच विषय घे, पुढचं पत्र त्यावरचंच आहे.

प्रश्न: मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, जर्मन शिकतेय. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि मग माझं नाव, वडिलांचं नाव असं आहे. पासपोर्टवर नाव आधी आहे. आधारवर वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळंय. तिकडे अडचण येईल का? – विद्यार्थिनी, पंचवटी

येऊ शकते, आणि तुझ्या हातात अजून वेळ आहे म्हणून आत्ताच हलव. आपल्या बोर्डाची आडनाव आधी लिहायची पद्धत आपल्याला सवयीची आहे, तिकडचं सॉफ्टवेअर पहिला शब्द म्हणजे तुझं नाव असं धरून चालतं. पासपोर्टमध्ये दोनच रकाने, आडनाव आणि दिलेलं नाव, त्यात वडिलांचं नाव दिलेल्या नावाच्या मागे जातं आणि मग तिकडे तुझ्या बिल्ल्यावर तुझं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं मिळून तुझं नाव होतं. 'व' साठी कुठे व्ही कुठे डब्ल्यू, हे तर घराघरात आहे.

पासपोर्ट हा मुख्य धर आणि बाकीचे त्याच्याशी जुळव, उलटं करू नकोस. आधार दुरुस्त करून घे, ते सगळ्यात सोपं. पदवीवर आणि नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत नाव कसं छापलं जाणार आहे हे कॉलेजच्या ऑफिसला आत्ताच विचार, छापून आल्यावर बदलणं फार जिकिरीचं होतं. मार्कशीटवरचा फक्त क्रम वेगळा असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि त्याचं भाषांतर जवळ ठेव. लग्न ठरत असेल आणि नाव बदलायचं मनात असेल तर माझं स्पष्ट मत, परदेशातली नोंदणी पूर्ण होईपर्यंत बदलू नकोस. घरचे काही म्हणाले तर हा अंक दाखव.

प्रश्न: डिजीलॉकरमधलं लायसन्स ट्रॅफिक पोलीस मान्य करतात. पुढच्या महिन्यात युरोपला चाललोय, तिकडे भाड्याची गाडी घ्यायचीये. फोनवर दाखवलं तर चालेल ना? – व्यावसायिक, सिडको

नाही काका, फोनवर विसंबू नका. डिजीलॉकरला मूळ कागदाचा दर्जा आहे तो भारतातल्या नियमांनी, तिकडच्या पोलिसाला तो लागू नाही. आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, सारथी पोर्टलवर अर्ज होतो, ते पुस्तिकेसारखं असतं आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. १९४९ च्या जिनिव्हा करारातला नमुना आहे तो, म्हणून तिकडे ओळखला जातो. त्याच्यासोबत मूळ लायसन्सचं कार्ड पण न्यायचं, नुसतं परमिट पुरत नाही. मुदत प्रवासाच्या तारखांना पुरतेय का बघा, आणि गाडी बुक करायच्या आधी त्या भाड्याच्या कंपनीला मेल टाकून कुठले कागद लागतील ते लेखी मागवून घ्या, काउंटरवर उभं राहून वाद घालायची वेळ येत नाही.